डेटिंग ॲपवर 13 किलोमीटर, लोकलने 50 : मुंबईत पहिल्या डेटची जागा कशी ठरवायची?

मी ठाण्याची, तो बोरिवलीचा. ॲपने सांगितलं, '13 किलोमीटर दूर'.

म्हटलं, बरंय की. विरारवाला नाही, कर्जतवाला नाही, अगदी शेजारचाच म्हणायचा. आठवडाभर गप्पा झाल्या, भेटायचं ठरलं आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. या 13 किलोमीटरच्या बरोब्बर मधे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. शंभरेक चौरस किलोमीटरचं जंगल आणि त्यात बिबटे. ॲपला बिबटे दिसत नाहीत.

लोकलने जायचं तर ठाण्याहून दादर, तिथे पूल चढून वेस्टर्नला, मग दादरहून बोरिवली. म्हणजे रुळांवरचे जवळपास 50 किलोमीटर. रस्त्याने जायचं तर घोडबंदर, 23-24 किलोमीटर. आणि घोडबंदरचं ट्रॅफिक ज्याने एकदा अनुभवलंय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. जंगलाखालून ठाणे-बोरिवली जुळा बोगदा होतोय, जुलै 2024 मध्ये त्याचं भूमिपूजनही झालं. पण आमच्या गप्पा काही बोगदा पूर्ण होईपर्यंत टिकणाऱ्या नव्हत्या.

डेटिंग ॲपच्या टिप्स शोधल्या की फोटो कसा लावा, बायोत काय लिहा, पहिला मेसेज काय टाका, हेच सगळीकडे सापडतं. ते ठीक आहे. पण मुंबईत मॅच मिळणं हा अवघड भाग नाही. खरा प्रश्न त्यानंतर येतो : भेटायचं कुठे? आणि ती जागा ठरवणार कोण? तुमचा वेळ, खिसा आणि सुरक्षितता या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी या एका उत्तरावर अवलंबून असतात.

आधी ते अंतराचं गणित

ॲपवर दिसतं ते हवाई अंतर. तुमच्या फोनचं लोकेशन, समोरच्याच्या फोनचं लोकेशन आणि मधे सरळ रेघ. त्या रेघेत खाडी येते का, जंगल येतं का, याच्याशी ॲपला देणंघेणं नसतं. वर्सोवा आणि मढचं उदाहरण घ्या. मधे फक्त खाडी, फेरीबोटीने पाच मिनिटांत पलीकडे. पण रस्त्याने जायचं म्हटलं की मालाड-मार्वे करत वीसेक किलोमीटरचा वळसा. ॲप मात्र बिनधास्त '1 किमी' दाखवणार.

दुसरी गंमत म्हणजे बऱ्याच ॲपवर समोरच्याने ॲप शेवटचं उघडलं तिथलं लोकेशन धरलं जातं. दुपारी ऑफिसात बसून स्वाइप करणारा माणूस बीकेसीचा दिसतो आणि राहतो बदलापूरला. त्यामुळे किलोमीटर बघूच नका. तिसऱ्या-चौथ्या मेसेजला सरळ विचारा, 'कुठल्या लाइनवर?' मुंबईत हा प्रश्न कुणालाच खटकत नाही. पत्ता न विचारता सगळं कळतं.

(आडनाव विचारणारेही भेटतात. अनेक ॲपवर फक्त पहिलं नाव दिसतं, म्हणून पाचव्या मिनिटाला 'पूर्ण नाव काय?' येतं. कधी कधी ती साधी उत्सुकता असते. बऱ्याचदा ती जातीची चौकशी असते. उत्तर द्यायचं की नाही, तुम्ही ठरवा. मी त्या प्रश्नाची वेळ बघते. आवडीनिवडींच्या आधी आडनाव आलं की पुढे सरकते.)

लाइन कळली की मधलं स्टेशन शोधा. सेंट्रल आणि वेस्टर्नवाल्यांसाठी पहिलं उत्तर दादर. पण दादर स्टेशनबाहेर कुणाची वाट बघत उभं राहणं म्हणजे धक्के खात पहिली छाप पाडणं. त्यापेक्षा एक स्टेशन अलीकडे उतरा. सेंट्रलचं माटुंगा आणि वेस्टर्नचं माटुंगा रोड झेड ब्रिजने जोडलेले आहेत. हार्बरवाल्यांना किंग्ज सर्कल जवळ. दोन्हीकडे स्लो लोकलच थांबते, पण मंजूर. आम्हीही शेवटी तिथेच भेटलो.

माटुंग्याचा आणखी एक फायदा आहे. रामाश्रय किंवा कॅफे मद्रास यांसारख्या उडपी हॉटेलांत गर्दी असते, डोसा पटकन येतो आणि बाहेर लोक नंबर लावून उभे असतात. म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात तुम्हाला उठावंच लागतं. पहिल्या भेटीला हेच हवं असतं. जमलं तर फाइव्ह गार्डन्सपर्यंत चालत जा, गप्पा वाढवा. नाही जमलं तर 'चल, माझी ट्रेन आहे'. मेनूवर किंमती छापलेल्या असतात आणि बिल निम्मं-निम्मं करताना कुणाच्या पोटात गोळा येत नाही.

दोघंही साउथला यायला तयार असाल तर फोर्ट चांगलं. जहांगीर आर्ट गॅलरीत जायला पैसे लागत नाहीत, आणि बोलायला काही सुचलं नाही तर भिंतीवर विषय टांगलेले असतात. घाटकोपर आणि अंधेरीवाल्यांना 2014 पासून मेट्रो आहेच.

वाराचं मात्र बघा. रविवार सगळ्यांना सोयीचा वाटतो आणि रविवारीच मेगाब्लॉक असतो. शनिवारी रात्री एकदा रेल्वेची घोषणा तपासा. वीकडेला संध्याकाळी सहा ते नऊ कुणालाही कुठेही बोलावू नका. त्या गर्दीतून आलेला माणूस पहिली वीस मिनिटं फक्त घाम पुसत असतो. पावसाळ्यात भरतीची वेळ बघून ठरवणारेही लोक आहेत आणि ते वेडे नाहीत.

जागा समोरच्याने ठरवली तर?

आता खरा विषय. ऑगस्ट 2024 मध्ये अंधेरी पश्चिमेतल्या एका क्लबची बिलं सोशल मीडियावर फिरत होती. अनेक तरुणांची तक्रार एकसारखी होती. डेटिंग ॲपवर मुलीशी ओळख झाली, तिने लगेच भेटायचं म्हटलं, क्लब तिनेच सुचवला, महागडी ड्रिंक्स मागवली, मग तिला फोन आला आणि ती निघून गेली. मागे राहिलं हजारोंचं बिल. काहींचं तर पन्नास हजारांच्या पुढे. त्याआधी जूनमध्ये दिल्लीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका तरुणाच्या हातात असंच 1 लाख 21 हजारांचं बिल ठेवलं गेलं होतं. त्या प्रकरणात पोलिसांनी अटकही केली, आणि मुलगी, मॅनेजर, मालक यांच्यात पैशांची वाटणी ठरलेली असल्याचं समोर आलं.

या धंद्याची पद्धत ओळखण्यासारखी आहे. घाई असते, 'आजच भेटू'. जागा बदलायची तयारी नसते. आधी एखाद्या मेट्रो स्टेशनबाहेर किंवा मॉलपाशी बोलावतात आणि 'इथे जवळच एक जागा आहे' म्हणून नेतात. टेबलावर मेनू येत नाही, आला तर मागवलेल्या वस्तूंच्या किंमती त्यात नसतात. प्रश्न विचारला की बाउन्सर आसपास फिरायला लागतात.

म्हणून एक साधी चाचणी. जागा तुम्ही सुचवा आणि उत्तर काय येतं ते बघा. 'मला तिकडे लांब पडेल, अमुक ठिकाणी चालेल का?' हे नॉर्मल आहे, मुंबईत सगळेच असं म्हणतात. पण तुम्ही तीन जागा सुचवल्या आणि तिन्ही नाकारून एकाच क्लबचा हट्ट चालला असेल, तर ती डेट नाही.

समजा फसलातच. तिथे बसूनच 112 वर फोन करा, बाहेर पडल्यावर नाही. कुणालाही जबरदस्तीने अडवून ठेवणं गुन्हा आहे, बिल थकलेलं असलं तरी. कॅश देऊ नका. द्यायचीच वेळ आली तर कार्ड किंवा यूपीआयने द्या, म्हणजे पैसे कोणत्या खात्यात गेले याचा माग राहतो. छापील जीएसटी बिल मागा, फोटो काढा, चॅट डिलीट करू नका. (आणि साध्यासुध्या हॉटेलातही सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच तसे नियम काढले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले.)

हे सगळं चालतं कशावर? लाजेवर. घरी काय सांगणार, पोलिसांना काय सांगणार, मित्र हसतील. बिल देऊन गप्प बसणाऱ्या प्रत्येकाच्या जिवावर पुढचा माणूस त्याच टेबलावर बसवला जातो.

हीच लाज दुसऱ्या प्रकारातही वापरली जाते. तिथे तर भेटायचीही गरज नसते. मॅच होते, दहा मिनिटांत व्हिडिओ कॉल येतो, समोर कपडे काढले जातात, तुमचा चेहरा स्क्रीनसकट रेकॉर्ड होतो आणि मग 'पैसे दे, नाहीतर तुझ्या सगळ्या फॉलोअर्सना पाठवते'. एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते. हा सरळ खंडणीचा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम 308 आहे. स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पैसे गेले असतील तर जितक्या लवकर कराल तितकी ते मधेच गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

समलिंगी तरुणांना हा फास जास्त आवळतो. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला निकाल दिला, दोन सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत. पण घरी सांगितलेलं नसतं, म्हणून गजबजलेल्या कॅफेऐवजी कुणाच्या तरी अनोळखी फ्लॅटवर भेट ठरते आणि तिथे तीन-चार जण वाट बघत असतात. ब्लॅकमेल करणारा 'तूच आत जाशील' म्हणाला तर ते खोटं आहे.

भेटायच्या आधी नाव तपासा

प्रोफाइलवरच्या निळ्या टिकचा अर्थ लोक चुकीचा लावतात. फोटो व्हेरिफिकेशन म्हणजे सेल्फीतला चेहरा आणि प्रोफाइलचा चेहरा एकच आहे, बस. नाव खरं आहे का, लग्न झालंय का, नोकरी आहे का, यातलं काहीच त्यातून कळत नाही.

नंबर मिळाला असेल तर तो यूपीआय ॲपमध्ये टाकून बघा. पैसे पाठवायचे नाहीत, फक्त नाव वाचायचं. बँकेत नोंदवलेलं नाव दिसतं. 'रोहन' म्हणून बोलणारा तिथे दुसराच कुणीतरी निघाला तर कारण विचारायचा तुम्हाला हक्क आहे. फक्त लक्षात ठेवा, हे दोन्ही बाजूंनी चालतं. तुमचा नंबर दिलात म्हणजे तुमचं आडनावही दिलंत. म्हणून भेट होईपर्यंत ॲपवरच बोललेलं बरं. आणि स्वतःचे फोटो एकदा झूम करून बघा. गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, मागे सोसायटीची पाटी, असे फोटो मी स्वतः दोन वर्षं लावून बसले होते.

आणि मग घरी जायचं

मुंबईत रिकामं घर कुणाकडे नसतं. कुणी आईवडिलांसोबत, कुणी पीजीत, कुणी चार फ्लॅटमेटसोबत. त्यामुळे जोडपी समुद्रावर बसतात, आणि तिथेही शांतता नाही. 2021 मध्ये बोरिवलीतल्या एका सोसायटीने बाहेरच्या रस्त्यावर चक्क 'नो किसिंग झोन' रंगवून घेतलं होतं. ऑगस्ट 2015 मध्ये मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे टाकून पोलिसांनी चाळीसेक जोडप्यांना ताब्यात घेतलं होतं. त्यावर इतकी टीका झाली की आयुक्तांना चौकशी लावावी लागली. अविवाहित सज्ञान जोडप्याने हॉटेलात खोली घेऊ नये असा कायदा नाही. पण पहिल्या भेटीला 'माझ्या मित्राचा फ्लॅट रिकामा आहे' हे वाक्य आलं, तर उत्तर 'पुढच्या वेळी बघू' असंच असू द्या.

परतीची वेळ आधीच सांगून टाका. 'मला 8.40 ची फास्ट पकडायचीय' हे या शहरातलं सर्वांत सन्माननीय कारण आहे, कुणी वाद घालत नाही. निघताना एका मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवा. त्यात 15 मिनिटं, 1 तास आणि 8 तास असे पर्याय असतात. तासाभराची डेट असली तरी 8 तासांचं पाठवा, बंद नंतरही करता येतं. घरापर्यंत सोडायला कुणी आलं तर रिक्षा मागच्या गल्लीत थांबवा. महिलांसाठी मुंबई पोलिसांचा 103 आहे, ट्रेनमध्ये असाल तर 139.

दोन्ही नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करून ठेवा. स्टेशनवर पोचल्यावर रेंज असेलच असं नाही.