हजेरीपटाचे जाहीर वाचन

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळली आहे की, तिच्यात सांगितलेला दोष हा दोष न वाटता जगाची रहाटीच वाटू लागतो. राखणदाराने ओंजळभर पाणी घेतले तर बिघडले कोठे, असा उदार विचार तिच्यामागे असतो. परंतु ते पाणी कोणाच्या वाट्याचे होते, हे पाहिले म्हणजे ही उदारता टिकत नाही. सरकारी पैशाच्या अपहाराची झळ सर्वांत आधी पोहोचते ती ज्याला दुसरा आधार नाही अशा माणसाला.

राजस्थानातील मजुरांना हा अनुभव पुरेपूर आला. तेथे दुष्काळी कामांवर दिवसभर माती उपसूनही कायद्याने ठरविलेली किमान मजुरी हाती पडत नसे. विचारणा केली की, हजेरीपटावर काम कमी भरले आहे, असे उत्तर मिळे. आणि हजेरीपट पाहू म्हटले, तर तो सरकारी दप्तरातील गुप्त कागद ठरे. १ मे १९९० रोजी स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने हा पेच अचूक ओळखला. अरुणा रॉय, निखिल डे व शंकर सिंह हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. मजुरीचे भांडण हे मुळात कागदाचे भांडण आहे, हे त्यांच्या ध्यानात आले.

डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी भरली. मिळविलेले हिशेब गावापुढे मोठ्याने वाचावयाचे, एवढीच तिची रीत. अशा सुनावण्यांत, ज्याचे नाव पटावर आहे तोच उठून सांगे की, आपण त्या कामावर कधी गेलोच नाही. कोठे मृतांच्या नावे मजुरी उचललेली आढळे, तर कोठे कागदावर पुरी झालेली इमारत प्रत्यक्षात अपुरी असे. निरक्षर माणसाला हिशेबातले काय कळणार, हा समज तेथे खोटा ठरला. ज्याने माती वाहिली त्याच्याइतका जाणता हिशेबतपासनीस दुसरा कोण असणार? खरे लोकशिक्षण म्हणतात ते हेच.

तथापि गावातील सत्य गावातच राहिले तर ते दडपणे सोपे असते. एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर येथे ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा देत चाळीस दिवस धरणे धरण्यात आले, तेव्हा ‘जनसत्ता’चे प्रभाष जोशी यांच्यासारख्या ज्येष्ठ पत्रकारांनी या मागणीस पाठिंबा दिला. त्याच वर्षी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय वृत्तपत्र परिषदेने माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचा मसुदा तयार केला. मजुराचे गाऱ्हाणे अशा रीतीने राष्ट्राचा प्रश्न झाले.

पुढची पायरी कायद्याची. गोव्याने १९९७ मध्ये, राजस्थानाने २००० मध्ये आणि अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राने २००२ मध्ये असा कायदा केला. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा अंमलात आला. सामान्यतः तीस दिवसांत, आणि जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास अठ्ठेचाळीस तासांत, माहिती देणे त्याने बंधनकारक केले. कारणावाचून विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास रोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत, दंडही ठरविला. या तरतुदीचे मर्म असे की, दंड खात्यावर नसून त्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः बसतो. अर्जदाराने माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचेही कारण उरले नाही.

परंतु कायदा झाला म्हणून धोका टळला नाही. तळेगाव दाभाडे येथे जमिनींच्या व्यवहारांची माहिती मागणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. एकटा अर्जदार हा सोपे लक्ष्य असतो. सारे गाव हिशेब मागू लागले म्हणजे कोणा एकाला गाठून काही साधत नाही. म्हणूनच जाणता नागरिक, निर्भय वृत्तपत्र आणि उत्तरदायी कचेरी या तिहींची सांगड आवश्यक आहे. पहिल्यावाचून कायदा कपाटात पडून राहतो, दुसऱ्यावाचून तक्रार वेशीबाहेर जात नाही, आणि तिसरीवाचून रोष व्यर्थ विरून जातो.

राखणदार पाणी चाखतो, तो बहुधा काठावर कोणी नसताना. ग्रामसभेला हजर राहून गावच्या खर्चाचा कागद वाचून दाखविण्याची मागणी करणे, हे काठावर येऊन उभे राहण्याचे पहिले पाऊल होय.