लिव्हर दिसली म्हणजे विंचेस्टर नव्हे

यशवंतपूरच्या घरातून पुन्हा गप्पा मारायला बसलोय.

मागच्या भागानंतर बेळगावहून एका ताईंनी फोटो पाठवला. सासऱ्यांच्या मागे राहिलेली जुनी रायफल, चापाखाली लांब लिव्हर. "सर, ही सिनेमातली विंचेस्टर ना? डब्यात काडतुसंही आहेत. मुलगा म्हणतो, शेतावर एक झाडून बघू." मी लगेच फोन केला. म्हटलं, ताई, आधी मुलाला थांबवा.

ती विंचेस्टर नव्हती, मार्टिनी जातीची होती. मार्टिनी-हेन्री ब्रिटिश फौजेने १८७१ मध्ये घेतली. तिची लिव्हर खाली ओढली की आतला ठोकळा खाली झुकतो आणि रिकामी पुंगळी बाहेर पडते. पुढचं काडतूस हाताने घालायचं. एका वेळी एकच बार.

विंचेस्टरचं तसं नाही. १८७३ ची रायफल घ्या. नळीखाली दुसरी नळी असते, तिच्यात काडतुसं एकामागे एक आडवी बसतात. लिव्हर पुढे-मागे केली की रिकामी पुंगळी बाहेर आणि नवं काडतूस आत. पण इथे एक मेख आहे. प्रत्येक गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडावर, म्हणजे पेटवणाऱ्या टोपीवर टेकलेलं असतं. टोकदार गोळी धक्क्याने ती टोपी फोडू शकते. म्हणून अशा रायफलींच्या गोळ्या चपट्या नाकाच्या. फौजांना टोकदार, लांब पल्ल्याची गोळी हवी होती. शिवाय जमिनीवर पालथं पडून लिव्हर चालवणं अवघड. त्यामुळे बोल्टच्या रायफलींनी बाजी मारली.

आता काडतुसांची नावं. .४४-४० म्हणजे गोळीची जाडी साधारण .४४ इंच आणि काळी दारू ४० ग्रेन. पुढे १८९२ च्या मजबूत विंचेस्टरसाठी याच मापाची जास्त जोरदार काडतुसं निघाली. ती १८७३ च्या रायफलीतही बसत, पण तिची जुनी जोडणी तो दाब सहन करेल याची खात्री नव्हती. बसतं म्हणजे चालतं असं नाही, मंडळी.

ताईंच्या घरी हाच घोळ होता. मार्टिनीचं मूळ काडतूस .५७७/४५०, पण १८८९ पासून अनेक मार्टिनींना .३०३ ची नळी बसवली गेली. लिव्हर तीच, काडतूस वेगळं. फोटो बघून कुणी "चालेल" म्हटलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. नळीवरचा शिक्का वाचून, आतलं माप घेऊन जाणकार कारागीरच ते सांगू शकतो. आणि जुन्या काडतुसांचा भरवसा त्याहून कमी.

आणखी एक. परवानाधारक गेले की हत्यार आपोआप वारसाचं होत नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे विनाकारण उशीर न करता ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. वारसाला ठेवायचं असेल तर स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. हत्यार उचलून निघण्याआधी ठाण्यात फोन करा.

ताईंनी तसंच केलं. मुलगा थोडा रुसला म्हणे. रुसू दे. त्याचे दोन्ही हात, दोन्ही डोळे शाबूत आहेत.

जय हिंद.