सशाला आजोळी नेताना

मे महिना लागला की कोथरूडात आमच्या गल्लीतल्या निम्म्या बिऱ्हाडांची तोंडं माहेराकडे वळतात. कुंड्यांना पाणी घालायला कुणीतरी मिळतं. पण मुलांच्या हट्टापायी घरात आलेला ससा? त्याला कुठं ठेवायचं? शेवटी तोही गाडीत बसतो.

न्यायचाच असेल तर भगिनींनो, एक गोष्ट पदराशी बांधून ठेवा. सशाचा प्रवासातला खरा वैरी म्हणजे उकाडा. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग निववणंही नीट जमत नाही. उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः त्या लांब कानांतून. हवा ३० अंशांवर गेली की त्याचा जीव घाबरा होऊ लागतो, आणि आपल्या पुण्यात मे महिन्यात दुपारी पारा ४० च्या आसपास असतो!

मी हे शिकले ते चूक करून. कोल्हापूरला जाताना खंबाटकी ओलांडून चहाला थांबलो. 'पाचच मिनिटं' म्हणून पेटी गाडीतच ठेवली, काचा बोटभर खाली. मग मिसळ आली, ओळखीचे कुणी भेटले, पंधरा मिनिटं गेली. परत येऊन पाहते तो कान लाल, तोंड उघडं, नाक ओलं आणि बाळ आडवं! उन्हात उभी असलेली गाडी दहा मिनिटांत आतून सुमारे दहा अंशांनी तापते, काचा थोड्या उघड्या ठेवून फारसा फरक पडत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. साध्या पाण्यात भिजवलेला रुमाल कानांवर फिरवत (बर्फ नाही हं, त्याने उलट धक्का बसतो) तडक साताऱ्याला पशुवैद्यांकडे गेलो. वाचला बिचारा. आता चहाला आम्ही पाळीपाळीने उतरतो.

निघायचं ते पहाटे पाचला, चांदणी चौक उजाडायच्या आत मागे पडला पाहिजे. मांजरासाठी मिळते तशी हवेशीर, घट्ट झाकणाची पेटी घ्या. तळाशी जुना टॉवेल अंथरा, म्हणजे वळणावर पाय घसरत नाहीत. पेटी पुढच्या सीटच्या मागे खाली पक्की बसवा. डिकीत मुळीच नको. मांडीवरही नको, मुलं कितीही रडोत. दचकलेला ससा मागच्या पायांनी अशी लाथ झाडतो की त्याचाच कणा मोडू शकतो. कान धरून उचलणं तर कधीच नाही. रात्रभर गोठवलेली पाण्याची बाटली पंचात गुंडाळून शेजारी ठेवली की तो आपणहून तिला टेकून बसतो.

आपल्याला घाटात गाडी लागते म्हणून आपण उपाशी निघतो. सशाला उलटी होतच नाही, आणि त्याचं पोट रिकामं राहणंच धोक्याचं. पेटीत वाळलेलं गवत भरपूर घाला. हलत्या गाडीत तो पाणी पीत नाही, तेव्हा ओली कोथिंबीर नि काकडीची फोड द्या. आपली गाडी लागण्याची गोळी मात्र त्याला देऊ नका.

पोचल्यावर लगेच भाच्यांच्या हाती सोपवू नका. शांत खोलीत ठेवा, आणि खातो का, लेंड्या टाकतो का, एवढं बघा. दहा-बारा तास दोन्ही बंद असेल तर 'सकाळी बघू' म्हणायचं नाही, डॉक्टर गाठायचा. मी लेंड्या मोजते म्हणून माझी आई हसते. हसू दे.