पडद्यामागची आज्ञावली

घरी एकट्याने चलचित्र पाहणे आणि तेच चित्र शेकडो लोकांच्या मेळाव्यात दाखविणे, या दोहोंत साधन एक असले तरी जबाबदारी भिन्न आहे. घरी चित्र अडखळले तर पाहणारा ते पुन्हा सुरू करतो. मेळाव्यात अडखळले तर रसभंग होतो आणि सभा उठू लागते. खेळ दाखविणाऱ्यांना हे भान फार जुने आहे.

कुंभकोणमजवळचे तिरुप्पनंदाळ हे मंदिर आणि मठ यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. ज्या तंजावर प्रांतात ते येते, तेथे 1855 पर्यंत भोसल्यांची गादी होती. तमिळ देशात चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ करणाऱ्या अनेक कुटुंबांची घरची बोली मराठी आहे आणि त्यांचे तिकडे येणे परंपरेने याच राज्याशी जोडले जाते. मागे दिवा, पुढे पांढरे वस्त्र, आणि मध्ये बाहुली नाचवीत स्वतःच बोलणारा सूत्रधार. चित्र आणि शब्द यांचा मेळ त्याच्या एकट्याच्या हाती असतो. 1905 साली तिरुचिरापल्लीस रेल्वेत आरेखक असलेल्या सामिकण्णू व्हिन्सेंट यांनी ड्यू पाँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाकडून प्रक्षेपक विकत घेतला आणि तंबू ठोकून गावोगाव चित्रे दाखविण्यास आरंभ केला. महाराष्ट्रातील जत्रांतून फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजचा मार्गही हाच. रीळ तुटले, तर चालक दोन टोके सांधून खेळ पुढे नेई. या तंबूंतून रिळे जाऊन संगणक कसा आला, हे शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 2016 सालच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात पाहावयास मिळते.

संगणकावर चित्र चालविणाऱ्या आज्ञावलीस प्लेअर म्हणतात. फाईलमध्ये चित्र, ध्वनी आणि उपशीर्षके दाबून, एकत्र बांधून ठेवलेली असतात. प्लेअर ती गाठोडी सोडवितो, दाबलेली चित्रे पुन्हा उलगडतो आणि, चित्रपट असेल तर, सेकंदास सामान्यतः 24 चौकटी या गतीने पडद्याकडे धाडतो. बहुधा ध्वनीचे घड्याळ प्रमाण मानले जाते. चित्र मागे पडले तर काही चौकटी गाळल्या जातात. कानास खंड लगेच खटकतो, डोळा मात्र एखादी चौकट सोडून देतो. विजेनंतर गडगडाट ऐकण्याची माणसास सवय आहे. म्हणून ध्वनी किंचित मागे राहिला तर चालते, पण तो ओठांच्या आधी आला की लगेच जाणवते.

या कामी सर्वत्र परिचित झालेला, नारिंगी-पांढऱ्या शंकूचे चिन्ह असलेला व्हीएलसी हा प्लेअर एकोल सेंट्राल पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी 1996 साली आरंभिलेल्या उपक्रमातून जन्मला. 2001 साली तो मुक्त परवान्याखाली सर्वांस खुला झाला.

रसिकांच्या संमेलनात, विशेषतः जपानी सचेतपटांच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, कार्यक्रम दिवसभर चालतो. तेथे चालकाचा पडदा निराळा आणि प्रेक्षकांचा निराळा हवा, म्हणजे पुढची फाईल शोधण्याची धांदल सभेस दिसत नाही. दोन चित्रांच्या मध्ये कोरा काळा पडदा हवा आणि सर्व चित्रांचा आवाज एका पातळीवर हवा. परभाषेतील चित्रास मराठी उपशीर्षके जोडली असतील, तर ती आधी तपासलीच पाहिजेत. देवनागरीची जुळणी नीट न करणारी आज्ञावली पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे टाकते आणि जोडाक्षरे फोडते. मग वाचणाऱ्याचा जीव कथेतून उडतो.

मोठ्या चित्रपटगृहांतील व्यवस्था याहून वेगळी. 2005 साली हॉलिवूडच्या चित्रसंस्थांनी ठरविलेल्या पद्धतीनुसार चित्रपट कुलूपबंद येतो. त्याची किल्ली विशिष्ट यंत्रासाठी आणि ठराविक मुदतीपुरतीच चालते. चोरीस आळा घालण्यासाठी ही योजना उचित होय. परंतु किल्ली वेळेवर पोहोचली नाही, तर उत्तम यंत्रापुढे बसलेला चालकही हतबल ठरतो. उलट मुक्त प्लेअरमध्ये सारे चालकाच्या हाती राहते. मात्र आज्ञावली विनामूल्य मिळाली म्हणून चित्र जाहीरपणे दाखविण्याचा हक्क मिळत नाही. त्यासाठी हक्कदारांची अनुमती घ्यावीच लागते.

म्हणून संयोजकांनी निवड करताना प्लेअरच्या सोयींची यादी पाहून थांबू नये. खेळ अडला तर तेथे बसलेल्या माणसास काय करता येईल, हे आधी पाहावे. त्याच पडद्यावर, त्याच यंत्रावर संपूर्ण चित्र एकदा चालवून पाहावे आणि फाईलची दुसरी प्रत जवळ ठेवावी. रीळ सांधणारा हात गेला तरी त्या हातातील सावधपणाची गरज गेलेली नाही.