पाखरांच्या दाण्याचे भांडे : निवड आणि स्वच्छता

नाशिकचे नाव चिमणीच्या संवर्धनाशी जोडले गेले ते मोहम्मद दिलावर यांनी या शहरातून सुरू केलेल्या ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’ या संस्थेमुळे. २० मार्च हा दिवस २०१० साली जागतिक चिमणी दिन म्हणून प्रथम पाळला गेला, त्यामागे याच संस्थेचा पुढाकार होता. त्याआधी २००८ साली ‘टाइम’ या अमेरिकी साप्ताहिकाने पर्यावरणासाठी झटणाऱ्या व्यक्तींच्या यादीत दिलावर यांना स्थान दिले होते. लाकडी घरटी आणि दाणे ठेवण्याची भांडी लोकांच्या घरी पोहोचू लागली ती या चळवळीतूनच, आणि आज नाशिकच्या सातपूर, अशोकनगर यांसारख्या औद्योगिक वसाहतीलगतच्या भागांतही बाल्कनीच्या गजाला अडकवलेले दाणापात्र नवलाचे राहिलेले नाही. मात्र ते टांगताना जो उत्साह असतो तो ते धुताना क्वचितच टिकतो, आणि न धुतलेले दाणापात्र हे दाणापात्र नसण्यापेक्षा वाईट असते, ही गोष्ट चिमण्यांवर माया करणाऱ्यांनीच सर्वांत आधी समजून घ्यायला हवी.

यामागचे कारण पक्ष्यांच्या नैसर्गिक जीवनक्रमात आहे. शेतात किंवा माळावर दाणे टिपणारा थवा सतत जागा बदलतो, त्यामुळे एकाची विष्ठा दुसऱ्याच्या अन्नात मिसळण्याचा संभव कमी असतो. दाणापात्रात मात्र वीतभर जागेवर दिवसभरात अनेक पाखरांच्या चोची, पाय आणि विष्ठा एकत्र येतात. साल्मोनेला हे आतड्याचा रोग घडवणारे जिवाणू विष्ठेतून पसरतात, तर ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी लाळेतून ओल्या दाण्यात किंवा पाण्यात उतरतो आणि पक्ष्याच्या घशात व्रण निर्माण करून त्याला गिळणे अशक्य करतो. पारव्यांच्या शरीरात हा परजीवी पूर्वीपासून आढळतो. ब्रिटनमध्ये २००५ च्या सुमारास तो ग्रीनफिंच या चिमणीएवढ्या हिरवट पक्ष्यात शिरला, आणि बागेतील दाणापात्रांभोवती जमणाऱ्या या पक्ष्याची संख्या इतकी घसरली की २०२१ साली तेथील चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत त्याची नोंद करावी लागली. पुढे २०२५ साली ‘आरएसपीबी’ या तेथील सर्वांत मोठ्या पक्षिसंस्थेने सपाट पृष्ठभागाच्या दाणापात्रांची स्वतःची विक्री थांबवली. शतकाहून अधिक काळ पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने असा निर्णय घ्यावा, हे भारतातील पक्षिप्रेमींनीही गांभीर्याने घेण्यासारखे आहे.

म्हणूनच दाणापात्र निवडताना ते दिसते कसे यापेक्षा ते पूर्ण उघडून कोपऱ्यांसह घासता येते का, हा प्रश्न प्रथम विचारावा. बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात : उघडे ताट, वर दाण्याची कोठी आणि खाली अरुंद पन्हळ असलेले पात्र, आणि छिद्रांतून दाणे देणारी उभी नळी. ताट धुण्यास सर्वांत सोपे असले तरी पाखरे त्यात उभी राहून दाण्यांवरच विष्ठा टाकतात आणि पारव्यांचा थवा ते काही मिनिटांत रिकामे करतो. नळीत दाणे झाकलेले राहतात आणि तिच्या आखूड दांडीवर चिमणी किंवा ठिपकेदार मनोली बसू शकते, पारवा सहसा टिकत नाही. पण जिचे बूड निघत नाही अशा नळीच्या तळाशी दाण्यांचा लगदा साचून बुरशी धरते. बूड फिरवून काढता येणारी नळी, किंवा छप्पर असलेले आणि तळाला निचऱ्याची भोके असलेले छोटे कोठीपात्र, सातपूरच्या बाल्कनीसाठी अधिक योग्य ठरते. पारव्यांना दूर ठेवण्यास माणसाच्या आरोग्याचेही कारण आहे, कारण त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ दीर्घकाळ श्वासातून जात राहिल्यास काही जणांना फुप्फुसांचा गंभीर दाह होतो. मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद २०२५ साली उच्च न्यायालयापर्यंत गेला तो याच मुद्द्यावरून.

लाकूड दिसायला सुंदर असले तरी त्याच्या फटींत ओल आणि घाण मुरते, उलट पातळ पत्रा नाशिकच्या एप्रिल-मेमधील उन्हात फार तापतो. जाड, गुळगुळीत प्लास्टिक किंवा चिनी माती ही स्वच्छतेच्या दृष्टीने उजवी. ज्यांना धुण्याची जबाबदारी नियमित घेणे शक्य नाही, त्यांच्यासाठी बाजरीचे किंवा ज्वारीचे कणीस दोरीने टांगणे हा या सर्वांहून चांगला उपाय आहे. जिल्ह्याच्या पूर्वेकडील येवला, नांदगाव, मालेगाव या तालुक्यांत बाजरी पिकते, त्यामुळे अशी कणसे मिळवणे अवघड नाही. पाखरे त्यावर लटकून दाणे टिपतात, ते टिपून झाले की कणीस टाकून दिले जाते, आणि घासण्यासाठी भांडेच उरत नाही.

पात्राची स्वच्छता किमान पंधरवड्यातून एकदा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला करावी. आधी उरलेले दाणे टाकून द्यावेत, वाळलेली विष्ठा खरवडण्यापूर्वी पाण्याने भिजवावी म्हणजे तिची धूळ उडत नाही, आणि मग हातमोजे घालून साबणाच्या गरम पाण्याने वेगळ्या ब्रशने सर्व भाग घासावेत. हे काम स्वयंपाकघरातील मोरीत करू नये. त्यानंतर नऊ भाग पाण्यात एक भाग घरगुती ब्लीच मिसळून पात्र दहा मिनिटे बुडवून ठेवावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावे. ब्लीचमध्ये शौचालय धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. मातीचे भांडे सच्छिद्र असल्याने ब्लीच शोषून घेते, म्हणून ते उकळत्या पाण्याने घासणेच योग्य. शेवटी पात्र उन्हात खडखडीत वाळवावे, आणि ही पायरी वगळू नये, कारण ट्रायकोमोनाससारखे परजीवी कोरडेपणात तग धरत नाहीत.

दाणे एका दिवसात संपतील एवढेच घालावेत. बाजरी, राळा आणि तांदळाची कणी चालते. खारट फरसाण, पाव आणि शिळा भात टाळावा. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर आणि मक्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते, त्यामुळे कुबट वास येणारा दाणा माणसाप्रमाणे पाखरांनाही देऊ नये. चिमणीची पिल्ले मुख्यतः अळ्या आणि किडे खाऊन वाढतात, म्हणून औषध न फवारलेली कढीपत्त्याची किंवा मेंदीची झाडे विणीच्या काळात दाण्यांहून मोलाची ठरतात.

उन्हाळ्यात दाण्यांपेक्षा पाण्याची गरज मोठी असते. त्यासाठी उथळ, खडबडीत तळाचा परळ चांगला, मात्र साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास आठ-दहा दिवसांत पूर्ण वाढतो आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. पाणी रोज बदलावे, आणि आरोग्य विभाग सांगतो तो आठवड्याचा कोरडा दिवस पाळताना परळाच्या कडाही घासाव्यात.

पिसे फुगवून निपचित बसलेले, चोचीभोवती ओल असलेले किंवा दाणा गिळू न शकणारे पाखरू दिसल्यास पात्र लगेच उतरवून धुवावे आणि किमान दोन आठवडे पुन्हा लावू नये, म्हणजे थवा विखुरतो आणि संसर्गाची साखळी तुटते. एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले आढळल्यास त्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावे, कारण त्यामागे बर्ड फ्लू असू शकतो. भारतातील कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नाशिक महसूल विभागातीलच नवापूर येथे नोंदला गेला होता.