वाचला असता का?

गुजरातचा तातडीच्या वैद्यकीय सेवेचा २००७चा कायदा या आठवड्यात घेणार होतो. तो थांबेल. मागच्या लेखातलं जखमींच्या नोंदी ठेवण्याचं कलम वाचून साताऱ्याच्या एका परिचारिकाबाईंनी पत्र पाठवलंय. 'कॅज्युअल्टीत एकदम चार जखमी आले, की रक्त थांबवायला हात पुरत नाहीत. वर तुमचा कायदा म्हणणार, फॉर्म भरा. तो फॉर्म वाचतं कोण?'

प्रश्न रास्त आहे, आणि मला फॉर्मवर बोलायला निमित्तच हवं होतं.

कॅलिफोर्नियात वेस्ट, ट्रंकी आणि लिम या तिघांनी असे कागद वाचले. त्यांचा निबंध १९७९ साली प्रसिद्ध झाला. सॅन फ्रान्सिस्कोत अपघातातले गंभीर जखमी एकाच ट्रॉमा सेंटरमध्ये नेत. ऑरेंज काउंटीत मात्र जे रुग्णालय जवळ, तिथे. वाहन अपघातानंतर रुग्णालयात पोचून मग दगावलेल्यांची प्रकरणं त्यांनी ओळीनं घेतली : ऑरेंजमधली ९०, सॅन फ्रान्सिस्कोतली ९२. प्रत्येकाबद्दल प्रश्न एकच, हा वाचला असता का?

सॅन फ्रान्सिस्कोत असा एकच निघाला. ऑरेंजमध्ये मेंदू वा मज्जारज्जूच्या इजेनं गेलेले वगळले, तर उरलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मृत्यू टळण्याजोगे होते. पोटात रक्तस्राव चालू आणि शस्त्रक्रिया उशिरा, किंवा झालीच नाही, अशातली ही माणसं.

'ऑरेंजला जास्त जायबंदी लोक येत असतील' असं कुणी म्हणेल. तिथेच फॉर्म कामाला येतो. सुझन बेकर आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली जखमांना गुण देण्याची एक रीत मांडली. शरीराचे सहा भाग करायचे, इजेला १ ते ५ गुण द्यायचे, सर्वाधिक मार बसलेल्या तीन भागांच्या गुणांचे वर्ग करून बेरीज घ्यायची. समजा, मोटारसायकलवरून पडलेल्याला पोटातल्या इजेचे ४, मांडीच्या हाडाचे ३ आणि खरचटल्याचा १ गुण मिळाला. १६ अधिक ९ अधिक १, म्हणजे २६. पंधराच्या वर गेला की जखमी गंभीर समजतात. ऑरेंजचे मृत सरासरीनं तरुण होते आणि त्यांच्या इजाही कमी गंभीर होत्या! पळवाटच उरली नाही. १९८०मध्ये ऑरेंज काउंटीनं निवडक रुग्णालयांना ट्रॉमा सेंटर ठरवलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचा तातडीच्या वैद्यकीय सेवेचा कायदाही झाला.

आता माझं लाडकं कलम. स्वतःची चूक फॉर्मवर कोण लिहील? उद्या तोच कागद कोर्टात फडकला तर? म्हणून कॅलिफोर्नियाच्या पुराव्याच्या कायद्यात कलम ११५७.७ आहे. ट्रॉमा सेवेचा दर्जा तपासायला स्थानिक शासनानं नेमलेल्या समितीचं कामकाज आणि दप्तर दाव्यातल्या पक्षकाराला मागवता येत नाही. रुग्णाचा केसपेपर मात्र या आडोशाला जात नाही. नातेवाईक त्याच्या आधारे दावा लावू शकतात. झाकलेली असते ती डॉक्टरांची आपसातली झाडाझडती. काहींना यात डॉक्टरांची पाठराखण दिसते. मला ते पटत नाही. भीती असली की नोंद गुळमुळीत होते, आणि गुळमुळीत नोंदीतून पुढचा जखमी वाचत नाही.

राहिली बाईंची हात पुरत नसल्याची तक्रार. कॅलिफोर्नियातल्या ट्रॉमा सेंटरांत जखमांचे संकेतांक आणि गुण भरायला वेगळा प्रशिक्षित माणूस असतो. तो मागाहून केसपेपर चाळून रजिस्टर भरतो. पट्टी बांधणाऱ्या हातावर ते ओझं नसतं. कायद्यात नोंदी सक्तीच्या केल्या आणि त्यासाठी पद आणि पगार ठेवला नाही, तर ते कलम कागदावरच राहणार. कुठल्याही राज्याचा मसुदा हाती आला, की ही तरतूद मी आधी शोधतो.

बाई, बाकीचा फॉर्म राहू द्या. जखमी आला ती वेळ आणि पहिला रक्तदाब तेवढा तिथल्या तिथे लिहा. या दोन गोष्टी नंतर कुणालाच भरता येत नाहीत.

गुजरात पुढच्या आठवड्यात, नक्की.