भांडी धुण्याचे यंत्र : आधी पाणी तपासा, मग पाना उचला

भांडी धुण्याचे यंत्र, म्हणजेच डिशवॉशर, आता आपल्या शहरातही घरोघरी दिसू लागले आहे. २०२० च्या टाळेबंदीत धुणीभांडी करणाऱ्या बायांचे येणे थांबले आणि देशभर या यंत्राची मागणी वाढली. विकणाऱ्या व्यापाऱ्यांना आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना हा नवा धंदा मिळाला. पण तीस-चाळीस हजारांचे यंत्र दोन वर्षांत बंद पडले, तर गिऱ्हाईक दुकानदाराला आणि मेकॅनिकलाच बोल लावते. म्हणून त्याच्या निगेची माहिती आम्ही येथे देत आहोत.

यंत्र चालते कसे?

यंत्र तळाशी थोडे पाणी घेते, हीटरने तापवते आणि तेच पाणी पंपाच्या जोराने फिरत्या पात्यांच्या छिद्रांतून भांड्यांवर पुन्हा पुन्हा मारते. खरकटे तळाच्या जाळीत अडकते. आजची बरीच यंत्रे पूर्ण भरून लावली तर साधारण १० लिटर पाण्यात काम उरकतात. नळाच्या पाण्यासाठी आठ-आठ दिवस वाट पाहिलेल्या शहराला ही बचत लहान नाही.

खरा शत्रू : जड पाणी

नळाचे पाणी पुरत नाही तेव्हा लोक बोअर आणि टँकरकडे वळतात. आपल्या भागातील काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापले की त्यांचा पांढरा थर हीटरवर आणि पात्यांच्या छिद्रांत बसतो. थरामुळे उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, वीज जास्त लागते आणि शेवटी हीटर जळतो.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे पिण्यास चालणारे पाणीही यंत्राला जड पडू शकते. टीडीएस मीटरवर फक्त विसंबू नये, त्यात सगळेच क्षार मोजले जातात. जडपणा मोजण्याच्या पट्ट्या वेगळ्या मिळतात.

यासाठी बहुतेक यंत्रांत मिठाची टाकी असते. त्यात डिशवॉशरचेच जाड मीठ घालावे. घरच्या बारीक मिठातील इतर पदार्थांनी आतली यंत्रणा तुंबते. मीठ घातल्यावर लगेच यंत्र एकदा चालवावे, नाहीतर सांडलेल्या मिठाने स्टीलला गंज चढतो. पाण्याच्या जडपणाप्रमाणे यंत्रावर आकडा लावायचा असतो. घरात नळ आणि टँकर दोन्हींचे पाणी असेल, तर जास्त जड पाण्याचा आकडा लावावा. आरओ मशीनमधून बाहेर टाकलेले पाणी या यंत्राला देऊ नये, त्यात क्षार अधिकच असतात.

नेमाने करावयाची कामे

दर आठवड्याला जाळी काढून मऊ ब्रशने धुवावी, पात्यांची छिद्रे टाचणीने मोकळी करावीत आणि दाराचे रबर ओल्या फडक्याने पुसावे. नान-खलिया किंवा बिर्याणीची ताटे लावण्यापूर्वी हाडे व भात कचऱ्यात झाडून टाकावा. हाडाची एक कपचीही पंप अडकवू शकते. तेलकट भांड्यांना ६५-७० अंशांचा गरम कार्यक्रम द्यावा. नेहमी कमी तापमानावर चालवल्यास आत चरबीचा थर बसून वास येतो.

महिन्या-दोन महिन्यांनी रिकाम्या यंत्रात कंपनीने सांगितलेले क्षार काढण्याचे औषध घालून गरम कार्यक्रम चालवावा. अशा आम्ल औषधाबरोबर ब्लीच कधीही वापरू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

कलईची तांब्या-पितळेची भांडी, बिदरी काम, ॲल्युमिनियम आणि लाकडी मुठीच्या वस्तू आत ठेवू नयेत. यंत्राची पावडर तीव्र असते. तिने कलई खराब होते, बिदरीचा काळा रंग उतरतो आणि ॲल्युमिनियम काळवंडते.

कारागीर व व्यापारी बंधूंसाठी

दुरुस्तीला गेल्यावर प्रथम प्लग काढा व नळ बंद करा. मग पाणी येणाऱ्या नळीच्या तोंडाची बारीक जाळी, मिठाची टाकी आणि लावलेला आकडा पाहा. पाण्याचा बंदोबस्त न करता नवा हीटर बसवला, तर तोही जळेल आणि तुमचे नाव खराब होईल. जुना भाग गिऱ्हाइकाला दाखवा आणि पाण्याचा जडपणा बिलावर लिहून द्या.

दुकानदारांनी यंत्राबरोबर मीठ आणि तपासणीच्या पट्ट्याही ठेवाव्यात आणि मिठाचा खर्च विक्रीपूर्वीच सांगावा. पुढचा खर्च आधी सांगणाऱ्या दुकानावर गिऱ्हाईक विश्वास ठेवते आणि चार शेजाऱ्यांनाही तेथेच पाठवते.